उरक, उतारा आणि ‘एफिशियंट’

गेल्या मार्च महिन्यातली गोष्ट. वर्षअखेर जवळ आली की मुख्याध्यापकाच्या टेबलावर कागदांचा जो ढीग साचतो, त्यात शिक्षकांच्या वार्षिक कामगिरीचे कोरे फॉर्मही असतात. आमच्या भागात ते कन्नड आणि इंग्रजी अशा दोन भाषांत छापलेले येतात. शाळा मराठी माध्यमाची. निम्म्या शिक्षकांना कन्नड बोलता येते, वाचता येते, पण सरकारी कन्नड पचत नाही; आणि सरकारी इंग्रजी तर कुणालाच पचत नाही. म्हणून यंदा मी ठरवले की फॉर्मचा मराठी तर्जुमा करून प्रत्येकाच्या हातात द्यावा. स्वतःविषयी काय विचारले आहे ते निदान ज्याचे त्याला कळावे.

आमच्या कार्यालयातला तरुण कारकून मराठी घेऊन बी.ए. झालेला आहे. त्याने संध्याकाळपर्यंत सारा फॉर्म उतरवून आणला. एका रकान्यापुढे मात्र दोनदा खाडाखोड. ‘‘सर, इथं अडलंय बघा,’’ तो म्हणाला. इंग्रजीत शब्द होता ‘एफिशियन्सी’, कन्नडमध्ये ‘दक्षते’. त्याने प्रथम कन्नडवरून सरळ ‘दक्षता’ लिहिले. शिक्षकांच्या खोलीत कागद फिरला तेव्हा एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, ‘‘दक्षता? म्हणजे परीक्षेच्या वेळी दारात उभं राहायचं ते काय?’’ हशा झाला. मग त्याने ते खोडून ‘कार्यक्षमता’ लिहिले. तर चित्रकलेचे सर विचारते झाले, ‘‘म्हणजे तब्येत कशी आहे ते लिहायचं?’’

हा दुसरा प्रश्न ऐकून बाकीचे हसले; मला हसू आले नाही. का आले नाही ते पुढे येईल. पण त्या संध्याकाळपासून हा एक शब्द माझ्या मागे लागला आहे, आणि या लेखात मी त्याचीच थोडी झडती घेणार आहे.

आधी ‘दक्ष’ घेऊ, कारण ते दोन भाषांच्या बांधावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे खास दुखणे आहे. संस्कृतात दक्ष म्हणजे समर्थ, चतुर, कामात वाकबगार. कन्नडने हा अर्थ जसाच्या तसा सांभाळला. कन्नड वृत्तपत्रात ‘दक्ष अधिकारी’ असे छापून येते ते कर्तबगार, चोख काम करणाऱ्या अधिकाऱ्याविषयी. हिंदीतही दक्ष म्हणजे निपुण. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना हे सांगायला नको. मराठीने मात्र या शब्दाला वेगळ्याच वाटेने नेले. आपल्याकडे दक्ष म्हणजे सावध, जागा. कवायतीच्या मैदानावर ‘दक्ष’ म्हटले की टाचा जुळतात. दक्षता समिती म्हणजे पाळत ठेवणारी समिती. त्यामुळे आमच्या मराठी मुलाने कन्नड पेपरात ‘दक्ष अधिकारी’ वाचले की त्याच्या डोळ्यांपुढे ताठ उभा राहिलेला माणूस येतो. एकाच आईची दोन मुले, दोन घरी दत्तक गेलेली. चेहरा सारखा, वागणे निराळे. भाषांतर करणाऱ्याला खरा धोका असतो तो अशा ओळखीच्या चेहऱ्यांचा. अनोळखी शब्दापुढे माणूस थांबतो, कोश उघडतो; ओळखीच्या शब्दाला तो विचारतच नाही.

आता ‘कार्यक्षम’. हा शब्द आपण इतका वापरतो की तो आपलाच आहे असे वाटते. चौकात वाढदिवसाचे फलक लागतात त्यावर तर तो हटकून असतो: कार्यक्षम, कार्यतत्पर आणि सरतेशेवटी कार्यसम्राट. फलकावरच्या गृहस्थांनी कोणते कार्य केले, किती दिवसांत केले आणि त्याला पैसे किती लागले, हे फलकावर नसते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शब्दातच ते नाही. ‘क्षम’ म्हणजे समर्थ, सोसू शकणारा. कार्यक्षम म्हणजे काम करू शकणारा. करू शकतो एवढेच तो शब्द सांगतो. केले की नाही, आणि केले तर काय खर्चून केले, याबद्दल त्याच्या तोंडातून अक्षर निघत नाही.

इंग्रजी शब्दाचे तसे नाही, निदान आज तरी नाही. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे; दोन्ही मिळून काम तडीला नेणे, करून दाखवणे. इंग्रजीत तो चौदाव्या शतकात आला तो तत्त्वज्ञानाच्या पालखीतून. ॲरिस्टॉटलने कारणांचे चार प्रकार सांगितले, त्यांतल्या घडवून आणणाऱ्या कारणाला इंग्रजीत ‘एफिशियंट कॉज’ म्हणू लागले. आपल्या न्यायशास्त्रातले निमित्तकारण त्याच्या जवळपास येते: घडा व्हायला माती हे एक कारण आणि कुंभार हे दुसरे. म्हणजे या शब्दाचा पहिला मुक्काम कुंभारापाशी होता. कुंभाराने माती किती वाया घालवली, दिवसात किती घडे उतरवले, याची चौकशी त्यात नव्हती. ती पुढे आली, आणि ती आली कोळशाच्या हिशेबातून.

ही कथा मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तिथे कथील आणि तांब्याच्या खाणी होत्या. खाण खोल गेली की पाणी भरते. ते उपसायला न्यूकमेनचे वाफेचे इंजिन १७१२ सालापासून वापरात आले होते. इंजिन काम करी यात शंका नव्हती. पण कोळसा बकासुरासारखा खाई. ज्या भागात कोळसा जमिनीतच निघतो तिथे कुणी त्याची पर्वा केली नाही. कॉर्नवॉलमध्ये कोळसा निघत नसे. तो समुद्रमार्गे वेल्समधून आणावा लागे, आणि खाणमालकांचे कंबरडे मोडे. अशा वेळी जेम्स वॅट आला. त्याने वाफ थंड करण्याचे भांडे मुख्य नळकांड्यापासून वेगळे काढले आणि १७६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पाणी तेवढेच उपसले जाई, कोळसा मात्र कितीतरी कमी लागे. वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी इंजिनाची किंमत लावली तीही नामी: न्यूकमेनच्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश आम्हाला द्या. म्हणजे जे जळले नाही त्याचे पैसे! आता हे पैसे ठरवायचे तर मोजमाप हवे. एक बुशेल कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर चढते, हे मोजू लागले. त्या मापाला ‘ड्यूटी’ म्हणत.

याच कॉर्नवॉलचा डेव्हिस गिल्बर्ट नावाचा विद्वान. त्याने १८२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचून यंत्रशास्त्रासाठी ‘एफिशियन्सी’ ही संज्ञा सुचवली. त्याच्या तीन वर्षे आधी, १८२४ मध्ये, फ्रान्समध्ये सादी कार्नो याने उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राची मर्यादा दाखवून दिली होती: यंत्र कितीही उत्तम बांधा, दिलेली सारी उष्णता कामात उतरणार नाही, काही भाग सोडून द्यावाच लागेल. पुढे शतकाच्या मध्यावर रँकिनसारख्या शास्त्रज्ञांच्या हाती या शब्दाला आजचा अर्थ पक्का झाला: उपयोगी पडलेले भागिले खर्चलेले. आपल्या दहावीच्या मुलांना हे गुणोत्तर पाठ असते. पाठ्यपुस्तकात तेही ‘कार्यक्षमता’ याच नावाने येते. एकच मराठी शब्द, फलकावर विशेषण आणि पुस्तकात अपूर्णांक.

आमच्या भाषेचे जुने इंग्रजी–मराठी कोश उघडून कुणी यावर ताशेरे ओढू नयेत. मोल्सवर्थने हाती घेतलेला आणि कँडीने पुरा केलेला कोश १८४७ चा. इंग्रजीतच हा अर्थ तेव्हा कच्चा होता, तर त्याला मराठी प्रतिशब्द कुठून येणार? उलट पुढच्या लोकांनी कसे वागावे याचा वस्तुपाठ आपल्याच एका जुन्या मराठी दरबारात सापडतो. वडोदऱ्याच्या सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध करवला. एका इंग्रजी संज्ञेपुढे अनेक भारतीय भाषांतले प्रतिशब्द शेजारी-शेजारी मांडण्याची त्यातली कल्पना मला दोन भाषांच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाचीच वाटते. शेजारच्या भाषेने काय केले हे पाहिल्याशिवाय आपला शब्द ठरवू नये. गुजरातीने ‘कार्यक्षम’च स्वीकारला आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

बोलण्यातल्या इंग्रजीत आपण आणखी एक गोंधळ घालतो. ‘इफेक्टिव्ह’ आणि ‘एफिशियंट’ या सख्ख्या बहिणी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरीला हाक मारतो. ‘‘डॉक्टरांची गोळी फार एफिशियंट आहे हो,’’ असे परवा एका लग्नात ऐकले. गोळी एफिशियंट नसते; तिने ताप उतरवला तर ती इफेक्टिव्ह, आपल्या साध्या भाषेत गुणकारी. परिणाम झाला की नाही, हा पहिलीचा प्रश्न. परिणामासाठी किती वेचले, हा दुसरीचा. ज्यांना हा फरक इंग्रजीतून कळत नाही त्यांना मी म्हणींतून सांगतो. डोंगर पोखरून उंदीर काढणारा इफेक्टिव्ह म्हणायला हरकत नाही, उंदीर तर निघाला; एफिशियंट मात्र त्याला कुणी म्हणणार नाही. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला, ही तर गुणोत्तराची म्हण आहे, एकास तीन! आणि आवळा देऊन कोहळा काढणाऱ्याचे गुणोत्तर शंभर टक्क्यांच्या वर जाते. कार्नोच्या नियमात ते बसत नाही. जगात असे होते तेव्हा तो जादाचा कोहळा दुसऱ्या कुणाच्या तरी परसातला असतो.

म्हणजे कल्पना आपल्याकडे नव्हती असे अजिबात नाही. ती कोशात गेली नाही, इतकेच. कारखान्याच्या काट्यावर ऊस घालणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला विचारा. तो कार्यक्षमता म्हणणार नाही, ‘उतारा’ म्हणेल. शंभर किलो उसात दहा-अकरा किलो साखर पडली की उतारा बरा. कन्नड शेतकरी त्यालाच ‘इळुवरी’ म्हणतो, आणि मौज अशी की ‘इळि’ म्हणजे उतरणे! बांधाच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांना न विचारता की विचारून कोण जाणे, माणसांनी उतरण्यावरूनच शब्द केला. सरकारी दक्षते-दक्षतेत भांडण लागले तरी उसाच्या फडात दोन्ही भाषा एकाच मापाने मोजतात. मोटारसायकलवाल्यांनी तर इंग्रजीच शब्द घेऊन त्याचे आपले करून टाकले आहे. ‘‘गाडीला ॲव्हरेज किती?’’ या वाक्यातला ॲव्हरेज म्हणजे सरासरी नव्हे, एका लिटरला किती किलोमीटर जाते ते. शुद्ध इंग्रजीचा आग्रह धरणारे नाक मुरडोत. खर्च आणि फळ यांचे प्रमाण त्या एका शब्दात चोख आले आहे.

घरात आणखी दोन शब्द आहेत, आणि ते मला सर्वांत मोलाचे वाटतात. एक ‘उरक’. ‘‘सुनेला कामाचा उरक आहे’’ हे प्रशस्तिपत्र मिळवायला पूर्वी बायकांना वर्षे लागत. उरक म्हणजे घाई नव्हे. घाई दिसते, आवाज करते. उरकणाऱ्या बाईचे काम झालेले दिसते, होताना दिसत नाही. दुसरा शब्द ‘निगुती’. निगुतीने करणे म्हणजे बेताने, जपून, काही वाया न घालवता आणि तरीही काही कमी न पडू देता करणे. माझी आजी एका नारळात पाहुण्यांसकट बारा माणसांचे कालवण निभावायची आणि करवंटी चुलीला लावायची. उरकात वेळेचा हिशेब आहे, निगुतीत वस्तूचा. इंग्रजी शब्दाला हे दोन्ही अर्थ एका पोटात घ्यावे लागतात, म्हणून तो कधी एकीकडे झुकतो, कधी दुसरीकडे. अलीकडे तो बहुधा वेळेकडेच झुकतो. निगुती त्यातून गळत चालली आहे.

कुशल या शब्दाची व्युत्पत्ती एम.ए.च्या वर्गात शिकलो ती आठवते. कुश नावाचे धारदार गवत हात कापू न देता आणणारा, तो कुशल. मम्मटाने काव्यप्रकाशात रूढीने आलेल्या लक्षणेसाठी हेच उदाहरण घेतले आहे. व्युत्पत्ती खरी की पंडिती, या वादात मी पडत नाही. पण तिच्यात एक गोष्ट आहे जी इंग्रजी शब्दात नाही: हात. गवत किती आणले हे तर आहेच, पण हात शाबूत राहिला का, हेही आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले कर्मातल्या कौशल्याला योग म्हणणारे वचन आपण शाळा-कचेऱ्यांच्या भिंतींवर लावतो, जणू काही श्रीकृष्णाने उत्पादनवाढीची घोषणा दिली होती. पूर्ण श्लोक वाचला तर तिथे सुकृत आणि दुष्कृत दोन्ही मागे टाकणाऱ्या समबुद्धीचे बोलणे चालले आहे. त्या कौशल्यात करणाऱ्याला बंधन लागत नाही, त्याचाही हात कापत नाही. अर्धे वचन टांगले की ते कुणाच्याही कामी येते.

इंजिनाचा शब्द माणसाला लागू झाला तो अमेरिकेत. फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनिअरने १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे सांगणारे पुस्तक लिहिले. त्यात बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यातल्या प्रयोगाची हकिकत आहे. लोखंडाचे ठोकळे वाहून गाडीत चढवणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल हलवी. टेलरच्या पद्धतीने, कधी उचलायचे आणि कधी विसावा घ्यायचा हे दुसऱ्याने सांगून, तोच मजूर साडेसत्तेचाळीस टन हलवू लागला. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. ही हकिकत टेलरने सांगितली तशी घडली का, याबद्दल पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. पण शब्दाच्या इतिहासात तिचे स्थान पक्के आहे. तेव्हापासून एफिशियंट माणूस म्हणजे तासाला जास्त काम देणारा माणूस. भागाकार तोच राहिला, फक्त खाली कोळशाच्या जागी माणूस आला. कोळशाला संध्याकाळी घरी जायचे नसते.

आपल्या देशात हाच शब्द पगाराच्या कागदावर येऊन बसला. आज चाळिशीत असलेल्यांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. केंद्र सरकारच्या १९८६ पासूनच्या वेतनश्रेणींपैकी एक अशी लिहीत: १२००-३०-१५६०-ई.बी.-४०-२०४०. वाचायची अशी: सुरुवात बाराशेवर, दरसाल तीस रुपये वाढ. बारा वर्षांनी १५६०. तिथे ‘एफिशियन्सी बार’, हिंदीत ‘दक्षता रोध’. रोध म्हणजे फाटक. साहेबाने माणूस एफिशियंट आहे असे मानले तर फाटक उघडायचे आणि पुढची चाळीस-चाळीसची वाढ सुरू व्हायची. नाहीतर १५६० वर थांबून राहायचे. पाचव्या वेतन आयोगानंतर १ जानेवारी १९९६ पासूनच्या श्रेणींत हे फाटक उरले नाही.

आमचे अण्णा केंद्र सरकारच्या एका खात्यात याच श्रेणीत कारकून होते. १९८७ साली ते त्या फाटकाशी आले. मी तेव्हा पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. अण्णांचे काम खिडकीवरचे. खेड्यांतून माणसे येत. काहींना कन्नडच येई, काहींना मराठीच, आणि फॉर्म इंग्रजीत. अण्णा फॉर्म स्वतः भरून देत, अंगठा कुठे करायचा ते दाखवत, कोणता दाखला राहिला आहे ते त्या माणसाच्या भाषेत दोनदा सांगत. रांग वाढे. शेजारच्या खिडकीवरचे गृहस्थ तेवढ्याच वेळात दुप्पट माणसे वाटेला लावत. त्यांतले पुष्कळ फॉर्म आठवड्याने त्रुटी निघून परत येत, आणि परत आलेली माणसे शहाणी होऊन अण्णांच्या रांगेत उभी राहत. दिवसअखेरच्या तक्त्यात मात्र फक्त खिडकीवर निकालात निघालेल्या माणसांचा आकडा. शेजारचे दोनदा मोजले जाणारे काम त्यांच्या खात्यावर जमा, आणि त्यांनी अर्धवट टाकलेले काम अण्णांच्या वेळेतून खर्ची.

त्या वर्षी खात्याचे पत्र आले. अहवालातला प्रतिकूल शेरा संबंधिताला कळवावा लागे, त्याप्रमाणे कळवला होता. शेरा इंग्रजीत, चार शब्दांचा: ‘सिन्सियर, बट नॉट एफिशियंट’. अण्णांचे इंग्रजी फॉर्मपुरते. त्यांनी मला शब्द पाहायला सांगितले. घरात पाठकोरे गेलेली एक इंग्रजी–मराठी डिक्शनरी होती. मी मोठ्या ऐटीने वाचून दाखवले: सिन्सियर, प्रामाणिक. एफिशियंट, कार्यक्षम.

‘‘म्हणजे मी कार्यक्षम नाही?’’ अण्णा म्हणाले. ‘‘अरे, मी रोज जातोय. पाच वर्षांत आजारपणाची रजा घेतली नाही.’’

त्यांनी शब्दाचा जो सरळ मराठी अर्थ होतो तोच घेतला: काम करायला शरीराने लायक नसलेला. दुसऱ्या दिवशी ते सिव्हिल सर्जनकडे गेले. प्रकृती उत्तम असून इसम काम करण्यास योग्य आहे, असा दाखला आणला. मी अर्जाची पक्की प्रत सुवाच्य अक्षरात काढली, त्याला दाखला टाचणीने लावला, आणि अण्णांनी तो अर्ज वर पाठवला. फॉर्म परत येण्याबद्दल, त्या दोन रांगांबद्दल त्यात एक ओळ नव्हती. आम्हाला वाटले, प्रश्न तब्येतीचा आहे.

अर्ज फेटाळला गेला. तो दाखला पाहून कचेरीत किती दिवस हशा चालला होता ते अण्णांना त्यांच्या एका सहकाऱ्याने सांगितले, आणि अण्णांनी ते आम्हाला निवृत्तीनंतर सांगितले. पुढच्या वर्षी फाटक उघडले. गेले ते वर्षभराचे चाळीस-चाळीस रुपये. त्याचे त्यांना फारसे काही नव्हते. पण डिक्शनरी मी वाचली होती. सतरा वर्षांच्या पोराला शब्दाच्या पोटात भागाकार असतो हे कळायला हवे होते अशी माझी तक्रार नाही. मात्र कोशात ‘कार्यक्षम’च्या पुढे ‘उरक असलेला’ एवढे दोन शब्द जरी असते, तरी अण्णांनी डॉक्टर गाठला नसता. ‘‘उरक नाही म्हणतोय होय? मग मागं आलेले फॉर्म मोज म्हणावं,’’ असे ते नक्की म्हणाले असते, आणि तेच त्यांचे खरे उत्तर होते.

आता लोक म्हणतील, ते दिवस गेले. दिवस गेले, शब्द गेलेला नाही. उलट तो घरभर झाला आहे. फ्रिजवर, पंख्यावर, एसीवर तारे चिकटलेले असतात. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ चा, त्याखालचा ब्यूरो २००२ चा, आणि तारे २००६ पासूनचे. मला हे तारे आवडतात. तिथे शब्द आपल्या मूळ घरी आहे: वीज किती घेतली, गारवा किती दिला. तरी जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच धोक्याची घंटा वाजवली होती की इंजिने कोळसा वाचवू लागली म्हणून देशाचा कोळसा वाचत नाही. स्वस्त पडते म्हणून इंजिनेच वाढतात. आमच्याकडे साठचा एक बल्ब असताना खोलीतून बाहेर पडताना आई हाक मारायची, ‘‘बटण!’’ आता नऊ वॅटचे दिवे रात्रभर व्हरांड्यात जळतात आणि हाक मारायचे कुणाच्या मनात येत नाही.

वस्तूंना तारे खुशाल द्यावेत. माणसांच्या रकान्यात हाच शब्द आला की मात्र विचारावे लागते, वरचा आकडा कुणी ठरवला? हे मी साळसूदपणे लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्याच शाळेतल्या आठवीला मराठी शिकवणाऱ्या बाईंच्या अहवालात याच रकान्यात मी ‘मध्यम’ असे लिहिले होते. कारण एवढेच की फेब्रुवारी संपत आला तरी त्यांचे तीन पाठ राहिले होते, आणि बाकीच्यांचा पोर्शन जानेवारीतच ‘संपला’ होता. त्या वर्गातली बरीच मुले घरी कन्नड बोलतात, काही उर्दू. पुढच्या जूनमध्ये नववीच्या सरांनी सहज बोलता-बोलता सांगितले की यंदा प्रथमच त्यांना आठवीचे व्याकरण पुन्हा शिकवावे लागले नाही. मी ते ऐकले आणि मान डोलावली. दोन गोष्टींची सांगड घालायला मला पुढची दोन वर्षे लागली, आणि ती घातली गेली चित्रकलेच्या सरांच्या त्या विनोदामुळे. अण्णांच्या साहेबाला मी जन्मभर नावे ठेवली. त्याच्या खुर्चीवर बसून मी त्याचाच तक्ता भरला होता. त्याला निदान इंग्रजी तरी येत होते.

तर त्या संध्याकाळी कारकुनाला मी म्हटले, एका शब्दाचा नाद सोड. त्या रकान्यात तीन प्रश्न लिही: वर्षात काय झाले? त्यातले पुढे किती टिकले? त्यासाठी तुमचे काय खर्ची पडले? तो माझ्याकडे बघत राहिला. ‘‘सर, रकाना दीड इंचाचा आहे.’’ मग अक्षर बारीक केले, खालचा ‘इतर’ नावाचा रकाना त्यात मिळवून टाकला आणि प्रती काढल्या. वर पाठवायचा फॉर्म अर्थातच मूळचाच. ही प्रत आमच्या आमच्यात.

आठ दिवसांनी प्रती परत आल्या. चित्रकलेच्या सरांनी तिसऱ्या प्रश्नापुढे ‘रंगपेट्या’ असे लिहिले होते. आठवीच्या बाईंनी पहिल्या दोन प्रश्नांपुढे फारसे लिहिले नव्हते. तिसऱ्यापुढे होते: ‘जानेवारी-फेब्रुवारीतले आठ शनिवार, दुपारी दोन ते चार. परतीचे रिक्षाभाडे.’ शनिवारी आमची शाळा साडेअकराला सुटते आणि पावणेबाराला मी घरी जातो. मी शिपायाला बोलावून विचारले. तो म्हणाला, ‘‘होय की सर, तिसरं वर्ष हे. चावी मीच देतोय.’’